तारमास्तर आणि उगवतीचा फोन

बिघाड कशातही असो, तारमास्तरांचं औषध एकच. एक काढा, मग बघा.

कॅन्टीनचा चहा बिघडलाय असं कुणी सहज म्हटलं, की ते आधी साखरेशिवाय एक कप मागवायचे, मग दुधाशिवाय एक, मग पत्तीशिवाय एक. तो शेवटचा कप, म्हणजे नुसतं गोड दूधपाणी, शांतपणे पिऊन जाहीर करायचे, "पत्तीत दोष हाय." कॅन्टीनवाला कपाळाला हात लावायचा. एकदा त्यांचंच पोट दुखायला लागलं. तर एक दिवस भाकरी बंद, एक दिवस आमटी बंद, एक दिवस ताक बंद असं करत करत ते इतके वाळले, की पोटदुखी कशानं आली आणि कशानं गेली, कुणाला काही कळलं नाही. गोडाऊनवरचे दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडायचे. त्यांनी काही सल्ला मागितला नव्हता. मास्तरांना न मागता द्यायची सवय होती.

"धाकट्याला म्हैनाभर तेरला बहिणीकडं पाठवा. भांडण थांबलं तर दोष त्याच्यात. न्हाई थांबलं तर थोरल्यात."

"अहो मास्तर, पण एकटा थोरला भांडंल कुणासंगं?"

"त्येच तर बघायचंय," मास्तर म्हणाले.

अशा माणसाच्या हाताखाली मी माझी पहिली नोकरी केली. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण केली.

कारखाना साखरेचा आणि सहकारी. ऊस कमी आणि संचालक जास्त, अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. मी मॅट्रिक झालेली, तेरच्या बौद्धवाड्यातून पगारी नोकरीला लागलेली पहिली पोरगी. बापानं नव्या चपला घेऊन दिल्या होत्या आणि त्या चावत होत्या. तशीच लंगडत टेलिफोन खोलीत गेले. तिथं काळा कोट, काळी टोपी, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला हा गृहस्थ एका रिकाम्या खुर्चीकडं रागानं बघत बसलेला. माझं आडनाव काय, गाव कोणतं, कुणाच्या वशिल्यानं आले, हे सगळे प्रश्न मी बाहेरच्या ऑफिसात खाऊन आले होते. मास्तरांनी एकच विचारलं.

"कान कसे हायत?"

मी म्हटलं, चांगले आहेत. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, माझ्या मागं जाऊन उभे राहिले आणि एकेक पाऊल मागं सरत "आता ऐकू येतंय? आता?" असं विचारत पार दाराबाहेर व्हरांड्यात गेले. चार कारकून खिडकीतून बघत होते. शेवटी मीच ओरडले, "न्हाई येत आता!" तेव्हा ते आत आले आणि म्हणाले, "खरं बोलता. बसा." मला ते त्या दिवशी फार आवडले. पुढं तसं रोज वाटलं नाही, पण त्या दिवशी आवडले.

ते मूळचे अणदूरकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि निजामाच्या तार ऑफिसात उमेदवारी केल्यामुळं मधूनच "बराबर" आणि "गलत". वैतागले की "यप्पा" म्हणून डोळे मिटायचे. सरकारी तारखात्यातून निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना बोलावून घेतलं होतं, असं ते सांगायचे. ते स्वतःच येऊन बसले होते, असं बाकीचे सांगायचे. नम्रपणा हा गुण त्यांनी बहुतेक काढून बघितला असावा आणि त्याच्यावाचून चालतंय असं दिसल्यावर परत लावला नसावा. चेअरमन खोलीत आले तरी ते उठायचे नाहीत. "तारेवर असलेला माणूस उठत नसतो," म्हणायचे. तारेवर कुणी नसलं तरी.

आता त्या दोन फोनांचं सांगते, कारण सगळी गंमत, आणि गंमत म्हणवत नाही ते सगळंसुद्धा, त्यांच्यातच आहे.

कारखाना दोन जिल्ह्यांच्या शिवेवर होता. त्यामुळं आमच्याकडं दोन लाइनी. एक उगवतीकडं जायची, आमच्या जिल्ह्याच्या गावी. दुसरी मावळतीकडं, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याला. टेबलावर दोन काळे फोन शेजारी शेजारी, पण एकमेकांशी बोलचाल नसलेले. उगवतीच्या फोनवरून आपल्या जिल्ह्यातला माणूस मागितला तर चट्दिशी मिळायचा. तोच माणूस मावळतीच्या फोनवरून हवा असला तर ट्रंक कॉल लावून बसायचं. तो कॉल कुठल्या कुठल्या गावांना वळसा घालून, लागला तर लागायचा.

दोन लाइनी का? तर चेअरमनची सगळी सोयरीक मावळतीकडं आणि व्हाइस चेअरमनची उगवतीकडं. प्रत्येकानं आपापल्या वजनावर आपापली लाइन आणलेली. उगवतीच्या एक्स्चेंजात व्हाइस चेअरमनचा साडू बसतो आणि आपलं सगळं बोलणं ऐकतो, असा चेअरमनना पक्का संशय. साडू एक्स्चेंजात नव्हताच हो. त्याची समोर पानटपरी होती. पण संशय काही गेला नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याला चेअरमन मावळतीनं फोन लावायचे, व्हाइस चेअरमन उगवतीनं, दोघं एकाच वेळी. दोघांनाही एंगेज लागायचा आणि दोघंही म्हणायचे, व्यापारी त्याला फितूर झालाय.

हा गोंधळ मोडायचा म्हणून मास्तर एके दिवशी संचालकांच्या मीटिंगमध्ये उभे राहिले. त्यांना बोलावलेलं नव्हतं. म्हणाले, "दोन मुख्य दारं ठिवली की जाणाऱ्याला कळत न्हाई कुठनं भायेर पडायचं. भायेर जायाचं मुख्य दार एकच पायजे. कुठलं, ते तुमी ठरवा." बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. चेअरमनचा चेहरा उजळला. बाहेर जाणारं सगळं मावळतीनं, म्हणजे साडूच्या कानावर काही जायचं नाही. व्हाइस चेअरमन उसळले, तर त्यांची समजूत घातली, की येणारं सगळं तुमच्या दारानं येऊ द्या, कागदावर नंबर तुमचाच छापलेला आहे. दोघंही जिंकले. असा ठराव क्वचित होतो, म्हणून पेढे वाटले.

ठराव मास्तरांनीच लिहून काढला आणि काचेच्या फ्रेममध्ये घालून खोलीत टांगला. "संस्थेतून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द, उत्तरासकट, मावळतीच्या लाइनीनेच जाईल." त्यातलं 'उत्तरासकट' हे मास्तरांच्या पदरचं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा त्यांना फार अभिमान.

"उत्तर म्हंजे काय बाई? भायेर जाणारं बोलणंच न्हवं का? मग त्याला येगळं दार कशापायी?"

मी नवी. मला ते ऐकायला बरोबरच वाटलं. ऐकायला बरोबर वाटेल असंच ते सगळं बोलायचे.

पण माणसाच्या तोंडाचं काय करायचं? उगवतीच्या फोनवर कुणी "नमस्कार" म्हणालं की इकडचा माणूस "नमस्कार" म्हणून जायचा. झाला ठरावाचा भंग. व्हाइस चेअरमनची माणसं तर मुद्दाम येऊन तिथूनच बोलायची. चेअरमननी मास्तरांना दम दिला, उगवतीनं एक अक्षर जाता कामा नये. दुसरा कुणी असता तर त्यानं पाटी लावली असती. मास्तरांनी उगवतीच्या फोनची मूठ उघडली, बोलायच्या बाजूची आतली वाटी काढून घेतली, आणि वरचं झाकण पुन्हा पक्कं बसवलं. वाटी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली जानव्याला असते तशी गळ्यात, इष्टलिंगाच्या शेजारी. वर दोन्ही फोनांच्या मुठींवर लाखेची मोहोर, कुणी इकडची वाटी काढून तिकडं बसवू नये म्हणून.

आता उगवतीच्या फोनवर सगळं ऐकू यायचं आणि काहीही बोलता यायचं नाही. मास्तर हात चोळत म्हणाले, "आता करा म्हणावं भंग."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. एक साधं उदाहरण सांगते. जिल्ह्याच्या गावी आमचा पाण्याचा पंप दुरुस्तीला दिलेला. दुकानदाराचा उगवतीनं फोन आला, "पंप तयार हाय. माणूस कवा पाठवता?" मला ऐकू आलं. पण बोलायला तोंड कुठाय? ठरावाप्रमाणं मी मावळतीच्या फोनवरून त्याच्याच दुकानाला ट्रंक कॉल लावला. तिकडून ऑपरेटर सांगतेय, "पार्टी एंगेज आहे, थांबा." एंगेज का, तर तो दुकानदार उगवतीच्या तारेवर माझ्याशीच बोलत उभा! माझ्या एका कानात "पार्टी बोलतीय, थांबा," आणि दुसऱ्या कानात त्याच्या शिव्या. "अहो हॅलो! मेले काय सगळे? हॅलो!" त्यानं वैतागून फोन ठेवला तेव्हा माझा कॉल रांगेत मागं गेला होता. कॉल लागला तेव्हा दुकान बंद झालेलं. पंप तिथंच पडून राहिला आणि बगीचा वाळला.

सगळीकडून तक्रारी यायला लागल्या, की कारखान्याचा फोन बिघडलाय. लाइनमन आला. खांबावर चढला, उतरला, म्हणाला, तार ठणठणीत. संचालकांनी नारळ फोडला. टेबलाला लिंबू-मिरची बांधली. मग मास्तरांनी स्वतः तपासणी मांडली, ती बघायला निम्मं ऑफिस जमलं. आधी मावळतीची तार काढली. उगवतीची घंटी वाजली, आवाज खणखणीत आला. मग उगवतीची काढून मावळतीची लावली. तिच्यावर तर दोन्ही बाजूंनी बोलणं झालं. मास्तरांनी हात झटकले.

"एकेकटी लावली तर दोन्ही बराबर हायत. म्हंजे दोष आपल्यात न्हाई. पलीकडच्या माणसात हाय."

मी म्हटलं, "मास्तर, पलीकडचा माणूस रोज येगळा असतो की."

"मग सगळ्यांतच असंल," मास्तर म्हणाले.

हे असंच चालत राहिलं असतं तर मी आज नुसतं हसत सांगितलं असतं. पण पाऊस गेला. पहिल्या वर्षी थोडा पडला, दुसऱ्या वर्षी तेवढाही नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. ऊस उभा जळाला. कारखान्याचं धुराडं थंड झालं, बॉयलर गार पडला, पण संचालकांच्या जीपगाड्या चालूच होत्या. ऊस टाकायच्या गव्हाणीपुढं जिथं गाड्यांची रांग लागायची, त्या मोकळ्या मैदानात जनावरांची छावणी काढली. उद्घाटनाला दोन फिती बांधल्या होत्या, एक चेअरमननी कापली आणि एक व्हाइस चेअरमननी. जनावरं मधे उभी होती.

त्या छावणीत ईट गावाकडून जनावरं हाकत आलेली एक बाई होती, केराबाई. नवरा नाही, मूलबाळ नाही. एक तांबडी गाय, गाभण, आणि तिचीच आधीची कालवड. घराला कडी घालून दोघींना घेऊन ती चालत आली होती. तिची जागा टेलिफोन खोलीच्या खिडकीसमोर. त्यामुळं ती रोज सकाळी खिडकीशी येऊन विचारायची, "माय, आला का गं चाऱ्याचा फोन?"

आणि फोन यायचा. रोज यायचा, तीच तर आग होती.

चाऱ्याचं सरकारी ऑफिस जिल्ह्याच्या गावी. कुठून कुठून कडब्याच्या गाड्या यायच्या आणि तिथला बाबू सकाळी यादी घेऊन एकेका छावणीला फोन लावायचा. जी छावणी "पाठवा" म्हणेल तिला गाडी. बोलली नाही तर पुढची. आमचा नंबर यादीत उगवतीचा. घंटी वाजली की मी फोन कानाला लावायची आणि ऐकायची, "हॅलो, कडबा आलाय. घेता का? हॅलो? घेता का हो?" आणि मी तोंड बांधल्यागत बसलेली. मग तो शेजारच्याला म्हणायचा, "न्हाई बोलत. पुढचा लाव." मी मावळतीनं ट्रंक लावायची. तो लागेपर्यंत गाड्या दुसऱ्या छावणीच्या दारात उभ्या असायच्या.

तुम्ही म्हणाल, मग माणूस पाठवायचा. पाठवला की. छावणीचा मॅनेजर एस.टी.नं गेला. त्याला सांगितलं, इथं यायचं नाही, कारभार फोनवर चालतो, सकाळी फोनवर हो म्हणा. त्यानं विनवलं, मग आमच्या दुसऱ्या नंबरावर लावा. तर म्हणाले, तो नंबर दुसऱ्या जिल्ह्याचा, आमच्या यादीत बसत नाही. मॅनेजर रिकामा परत आला आणि चेअरमनकडं गेला. चेअरमन म्हणाले, ठराव बदलायला मीटिंग पाहिजे. मीटिंग बोलावली की चेअरमनची माणसं यायची तेव्हा दुसरी यायची नाहीत, आणि दुसरी यायची तेव्हा चेअरमनची. कोरमच भरेना.

छावणीत वाळलेलं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, वाटून वाटून देत होते. जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी मास्तरांपुढं जाऊन उभी राहिले.

"मास्तर, वाटी द्या. मला फक्त 'पाठवा' म्हणायचंय. एकच शब्द."

"ठराव हाय, बाई."

"ठराव तुमीच लिवलाय."

"म्हणूनच. दुसऱ्यानं लिवलेला असता तर म्या कवाच मोडला असता."

असं म्हणून ते फ्रेमवरची धूळ पुसायला लागले. मला त्यांचा इतका राग आला, की वाटलं ती फ्रेम त्यांच्या टोपीवर फोडावी. अजूनही तो राग गेलेला नाही. माणूस दुष्ट असता तर राग सोपा असतो. हा दुष्ट नव्हता. छावणीतल्या पोराबाळांना स्वतःच्या डब्यातली भाकरी वाटायचा. फक्त आपलं चुकलं असेल, ही एक तार त्यानं जन्मात कधी काढून बघितली नव्हती.

एक दिवस केराबाई खिडकीशी आली ती फोनचं विचारायला नाही.

"माय, गाय बसली गं."

आमच्या भागात ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. उपाशी जनावर उभं आहे तोवर आशा. एकदा बसलं की त्याला उठवणं फार अवघड, आणि गाभण असलं तर विचारूच नका. मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनीही ऐकलं होतं. ते उठले, बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. कोट घातलेला माणूस गायीपुढं उकिडवा बसला होता.

"पाणी पिती का?"

"पिती की."

"पेंड?"

"पेंड कुठली आणू मास्तर?"

"मग मीठ काढून... न्हाई, मीठ द्या जरा. न्हाई..." आणि ते थांबले. त्या गायीपासून काढून बघावं असं काही उरलंच नव्हतं. चामडं आणि हाडं, आणि पोटात वासरू.  उठून आत आले. मावळतीच्या फोनवरून स्वतः चाऱ्याच्या ऑफिसला ट्रंक लावला, अर्जंट. दुपार झाली, उन्हं कलली, कॉल काही लागला नाही. मास्तर फोनजवळून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आधीच ते खुर्चीत. उगवतीची घंटी वाजली. मी हात पुढं केला, तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः फोन कानाला लावला. इतके दिवस हा फोन मीच घ्यायची. त्यांनी त्याच्यावर काय ऐकू येतं ते कधी ऐकलंच नव्हतं. मी जवळ सरकले. बाबूचा आवाज मलाही येत होता.

"हॅलो, कडबा आलाय. घेता का? ... हॅलो? ... ह्ये रोजचेच मुके हायत. छावणी मोडली दिसतीय ह्यांची. जनावरं मेली असतील. यादीतनं काट मार."

"हायत!" मास्तर ओरडले. "जित्ती हायत! ओ! जित्ती हायत आमची जनावरं! काट मारू नका! ओ साहेब!"

असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाहेरची माणसं धावत आली. मास्तर त्या फोनच्या मुठीत जीव तोडून ओरडत होते, ज्या मुठीत त्यांनीच बोलायला काही ठेवलं नव्हतं. मैदानातल्या बायकांना ऐकू गेलं, रस्त्यावरच्या गाडीवानाला ऐकू गेलं. ज्याला ऐकू जायला हवं होतं तो म्हणाला, "पुढचा लाव," आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी गळ्यातली किल्ली ओढली. दोरा तुटेना, तर तशीच मान वाकवून ड्रॉवर उघडला. लाखेची मोहोर नखांनी फोडली. वाटी दोनदा खाली पडली. मी बसवायला गेले तर "थांबा!" म्हणून खेकसले. बसवली. आणि उगवतीच्या एक्स्चेंजला घंटी दिली. फ्रेम डोक्यावरच लटकत होती.

"चारा ऑफिस द्या."

चट्दिशी मिळालं.

"कोण?"

"छावणी बोलूलालीय. साखर कारखान्याची."

"अहो, जित्ते हाव व्हय तुमी? रोज हाका मारूलालोय, तोंडातनं शबूद न्हाई तुमच्या. काय झालं हुतं फोनला?"

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील, दोष तुमच्यात.

"दोष आमच्याकडं हुता," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "माझ्याकडं. गाड्या पाठवा."

आजच्या गाड्या वाटून झाल्या होत्या. उद्या सकाळी देतो, म्हणाला बाबू, आणि शब्दाला जागला.

पुढचं काय सांगायचं! आठवड्यात संचालकांची मीटिंग झाली आणि दुष्काळात पहिल्यांदा कोरम भरला. एकही खुर्ची रिकामी नव्हती. दोन ठराव एकमतानं झाले. चारा मिळवल्याबद्दल चेअरमन आणि व्हाइस चेअरमन यांचं अभिनंदन, हा एक. शिस्तभंगाबद्दल टेलिफोन सुपरवायझरना, म्हणजे मास्तरांना, कमी करण्यात येत आहे, हा दुसरा. मास्तरांना बोलावून विचारलं, ठराव मोडला का? म्हणाले, मोडला. कुणाच्या सांगण्यावरून? चेअरमनना वाटत होतं, ते व्हाइस चेअरमनचं नाव घेतील. मास्तर म्हणाले, "गाईच्या."  दोन्ही लाइनींना समान न्याय म्हणून मावळतीच्या फोनचीही वाटी काढावी, अशी एक सूचना आली होती म्हणे. तेवढ्यात पेढे आले, म्हणून ती राहिली.

पण मास्तर म्हटलं की मला ती मीटिंग आठवत नाही. आठवते ती गाड्या आल्या ती सकाळ.

कडब्याच्या गाड्या फाटकातून आत आल्या आणि सगळी छावणी उठून उभी राहिली. माणसं, जनावरं, सगळी. हंबरडा असा उठला, की मला रडूच आलं. केराबाई मात्र आपल्या जागेवर बसून होती. तांबडी गाय पहाटेच गेली होती. तिच्यावर केराबाईनं आपलं लुगडं टाकलं होतं आणि कालवडीचं दावं हातात धरून ठेवलं होतं. कालवडीचे पाय थरथरत होते.

मास्तर एक पेंढी काखेत मारून तिच्याकडं गेले. मी मागं होते. ते तिच्यापुढं उभे राहिले. बसावं की उभं राहावं, त्यांना कळेना.

"केराबाई," ते म्हणाले, "तुमची गाय दुष्काळानं न्हाई गेली. तिचा चारा म्या ड्रॉवरात कुलूप लावून ठिवला हुता. रोज येत हुता, म्या आत येऊ दिला न्हाई. माझं चुकलं. म्या..."

केराबाईनं वर बघितलं. डोळे कोरडे होते तिचे. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि तिनं द्याव्यात असंही वाटलं.

"बोलणं मागनं, मास्तर," ती म्हणाली. "आधी हिला टाका. ही बसंल."

मास्तर घाईनं खाली बसले आणि पेंढीचा बंद सोडायला लागले. बारीकात बारीक तारेची गाठ सोडणारी ती बोटं, पण पेंढीचा तो पिळलेला आळा त्यांना सुटेना. ओढला तर आणखी आवळला. कालवड मान लांबवून त्यांच्या कोटाची बाही हुंगायला लागली. शेवटी केराबाईनं पेंढी ओढून घेतली, बंद दातानं तोडला, आणि त्यातला अर्धा कडबा उचलून मास्तरांच्या हातात दिला.